एका अक्षराचा फरक: सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांचे अर्थ

कापसाच्या एका बोंडाच्या वाटेवर तीन इंग्रजी शब्द उभे असतात: बियाण्याच्या पाकिटातला जीन, कारखान्यातले जिन आणि कापडाच्या दुकानातली जीन्स. मराठीत लिहिताना त्यांच्यात वेलांटीचा किंवा जोडाक्षराचा तेवढा फरक उरतो. इंग्रजीत मात्र पहिल्याचे स्पेलिंग जी-ई-एन-ई, दुसऱ्याचे जी-आय-एन आणि तिसऱ्याचे जे-ई-ए-एन-एस. यवतमाळ जिल्ह्यात हे तिन्ही शब्द रोज वापरात आहेत. बीटी कपाशीत 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जिवाणूतला जीन, म्हणजे जनुक, घातलेला असतो. भारतात तिच्या लागवडीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. वेचलेला कापूस वणी, पांढरकवडा, यवतमाळ येथील जिनिंगमध्ये जातो आणि तेथले जिन सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे करते. त्या रुईचे पुढे सूत होते, सुताचे जाड कापड विणले जाते आणि त्यातून जीन्स शिवली जाते.

तिघांची घराणी पाहिली तर गंमत वेगळीच निघते. यंत्राचे नाव 'जिन' हे 'एंजिन' या शब्दाचे आखूड रूप आहे. त्याच्या मागे लॅटिनमधला 'इंजेनियम' हा शब्द आहे, ज्याचा अर्थ उपजत बुद्धी, कल्पकता. अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९४ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याला 'कॉटन जिन' म्हणत ते याच अर्थाने: कापसाचे यंत्र. 'जीन' हा शब्द त्या मानाने नवा. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी तो १९०९ मध्ये ग्रीक मूळ घेऊन घडवला. त्या मुळाचा अर्थ जन्म, वंश. संस्कृतातला 'जन्' हा धातू त्याचाच भाऊबंद, म्हणून मराठीतला 'जनुक' हा प्रतिशब्द अर्थाने आणि कुळानेही चपखल बसतो. आणि 'इंजेनियम'च्या पोटातही तोच धातू आहे, कारण उपजत बुद्धी म्हणजे जन्माबरोबर आलेली बुद्धी. म्हणजे जिन आणि जीन हे फार दूरचे का होईना, नातेवाईक ठरतात. जीन्सचा मात्र या घराशी संबंध नाही. इटलीतल्या जिनोआ शहरावरून त्या कापडाला ते नाव पडले. दारूचे नाव असलेले 'जिन' स्पेलिंगने यंत्राच्या जिनसारखेच आहे, पण ते एका झुडपाच्या डच नावावरून आले. आणि घोड्याच्या पाठीवरचे मराठी 'जीन' फारसीतून आले आहे.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांबद्दल पहिली गोष्ट येथेच कळते. चेहरा सारखा असला म्हणून नाते असतेच असे नाही, आणि नाते असले म्हणून अर्थ एक असतोच असेही नाही. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागते.

जिनमधून निघालेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. त्या गाठीला इंग्रजीत 'बेल' म्हणतात, स्पेलिंग बी-ए-एल-ई. भारतात एक गाठ १७० किलो रुईची धरली जाते. न्यायालयातला जामीनही 'बेल'च, पण त्याचे स्पेलिंग बी-ए-आय-एल. गाठीचा 'बेल' हा 'बॉल'च्या जातकुळीचा, गोळा करून बांधलेली वस्तू. जामिनाचा 'बेल' जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ होता सोपवणे. आरोपीला जामीनदाराच्या हवाली करणे. शाळेची घंटाही मराठीत 'बेल' होते, शिवाय महादेवाला वाहायचे बेलाचे पान आहेच. चारही शब्द देवनागरीत एकाच रूपात येतात, आणि तरीही कोणाचा गोंधळ होत नाही, कारण प्रेसमध्ये जामीन कोणी मागत नाही. संदर्भ हा शब्दाचा सर्वांत जुना राखणदार आहे. तो नसतो तेव्हाच अडचण होते: अर्जातला एकटा रकाना, पाटीवरचा एकटा शब्द, बाटलीवरची एकच ओळ.

रुईचा भाव आजही 'कॅन्डी'च्या हिशेबाने सांगितला जातो. एक कॅन्डी म्हणजे सुमारे ३५६ किलो. पुस्तकी इंग्रजी शिकलेल्या मुलाला 'कॅन्डी' म्हणजे गोळी-चॉकलेट एवढेच ठाऊक असते आणि बाजारभावाच्या बातमीत तो शब्द पाहून त्याला काही उलगडत नाही. हे माप म्हणजे आपली खंडी, वीस मणांची. इंग्रज व्यापाऱ्यांनी ती उचलली आणि आपल्या तोंडाला सोयीची करून घेतली. खाण्याच्या कॅन्डीचे मूळही दूर नाही. संस्कृतात साखरेच्या खड्याला 'खण्ड' म्हणत. तो शब्द फारसी, अरबी आणि फ्रेंच अशा मुक्कामांवरून इंग्रजीत पोचला. खडीसाखर आणि खांडसरी ही त्याची घरी राहिलेली भावंडे. तिसरे कॅन्डी मराठी वाचकाला ठाऊक आहेत ते मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थच्या कोशकार्यात त्यांचा हात होता, १८४७ मध्ये त्यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला आणि मराठीत पाश्चात्त्य पद्धतीची विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांचे आडनाव आणि कापसाचे माप यांचे स्पेलिंग एकच, संबंध काहीही नाही.

इंग्रजीत असे जुळे शब्द इतके का, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. इंग्रजी मुळात जर्मन कुळातली भाषा. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर काही शतके दरबार आणि न्यायदान फ्रेंचमधून चालले. शेतातले, गोठ्यातले, घरातले शब्द जुनेच राहिले; कर, कर्ज, दावा, जामीन यांचे शब्द फ्रेंच आले. पुढे विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून भर घातली. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला आणि स्पेलिंग हळूहळू छापून पक्के होऊ लागले. नेमक्या त्याच काळात बोलण्यातले स्वर बदलत होते. छापलेले अक्षर जागेवर राहिले, उच्चार पुढे निघून गेला. वेगवेगळ्या घरांतून आलेले शब्द ऐकायला एकसारखे झाले आणि लिहायला वेगळे राहिले. म्हणून इंग्रजी स्पेलिंग शब्दाचा आजचा आवाज नीट सांगत नाही. ते त्याचे कूळ सांगते. हे एकदा ध्यानात आले की स्पेलिंग पाठ करण्याचा शीण बराच कमी होतो. दुर्दैवाने शाळेत ते क्वचितच सांगितले जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, पण स्पेलिंग अजूनही पाढ्यासारखेच घोकून घेतले जाते.

एका खुणेने अर्थ बदलणे मराठी वाचकाला नवे नाही. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. शिर म्हणजे डोके, शीर म्हणजे रक्तवाहिनी. पाणि म्हणजे हात, आणि पाणी ते पाणी. वऱ्हाडी बोलणाऱ्याला तर समान उच्चाराची सवय जन्मापासून असते. तेथे 'ळ'चा 'य' होतो, काळा हा 'काया' होतो, आणि तरी शरीर कोणते आणि रंग कोणता हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते. फरक इतकाच की मराठीत खूण लहान असली तरी तिचा नियम आहे. इंग्रजीत नियमापेक्षा इतिहास जास्त आहे.

स्पेलिंग बदलले की अर्थ बदलतोच असेही नाही. ब्रिटिश कागदपत्रांत यवतमाळचे नाव वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असे लिहिलेले आढळते, आणि वणीचे डब्ल्यू-यू-एन असे. या दुसऱ्या स्पेलिंगने आधी सगळा जिल्हाच ओळखला जात होता. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. विशेषनामाचे स्पेलिंग कसेही फिरले तरी गाव तेच राहते. सामान्य शब्दाला ही मोकळीक नाही.

शेतीच्या इंग्रजीत असे शब्द पावलोपावली येतात. पेरणे म्हणजे 'सो', स्पेलिंग एस-ओ-डब्ल्यू. शिवणे म्हणजेही 'सो', स्पेलिंग एस-ई-डब्ल्यू. उच्चार तंतोतंत एक. म्हणून 'सोइंग मशीन' हे नुसते ऐकले तर पेरणी यंत्र की शिलाई मशीन, हे सांगता येत नाही. सरकारी योजनांतून दोन्ही मिळतात, एक कृषी विभागाकडून आणि दुसरे बहुधा महिलांसाठीच्या योजनेतून. अर्जात ओ आणि ई यांची अदलाबदल झाली तर मागणीच बदलते. ओळख अशी ठेवता येते: पेरण्याचा 'सो' आणि बियाण्याचा 'सीड' हे इंग्रजीतले सख्खे शब्द. शिवण्याचा 'सो' मात्र आपल्या 'शिवणे'चा नातेवाईक आहे, कारण दोघांच्या मुळाशी असलेला धातू संस्कृतात 'सिव्' या रूपात दिसतो. पेरणारा 'सो' आणि शिवणारा 'सो' जुळ्यांसारखे दिसतात पण परके आहेत. 'सो' आणि 'शिवणे' अजिबात सारखे दिसत नाहीत आणि एका घरचे आहेत. एस-ओ-डब्ल्यू हेच स्पेलिंग 'साउ' असा उच्चार केला तर डुकराची मादी होते, हे त्यातले आणखी एक वळण. डुकरावरून आठवण निघतेच, तर विंधनविहिरीचा 'बोअर' बी-ओ-आर-ई आणि पीक उकरणारे रानडुक्कर 'बोअर' बी-ओ-ए-आर. यवतमाळच्या शेतकऱ्याला दोघांचाही सारखाच अनुभव आहे.

याहून अधिक घोटाळ्याची जोडी 'ड्राउट' आणि 'ड्राफ्ट' यांची. पहिल्याचे स्पेलिंग डी-आर-ओ-यू-जी-एच-टी, अर्थ अवर्षण, दुष्काळ. दुसऱ्यात ओच्या जागी ए येतो, बाकी सगळी अक्षरे तीच. अर्थ ओढणे, खेचणे. शेतीच्या पुस्तकांत 'ड्राफ्ट ॲनिमल' म्हणजे ओढकामाचे जनावर, वखराला आणि बंडीला जुंपायचा बैल. घाईने वाचणाऱ्याला ते दुष्काळी जनावर वाटते आणि वाक्याचा अर्थ पार उलटतो. येथेही नाते उपयोगी पडते. अवर्षणाचा शब्द 'ड्राय' म्हणजे कोरडे याच्या घरचा, ओढण्याचा शब्द 'ड्रॉ' म्हणजे ओढणे याच्या घरचा. आणि 'ड्रॉ'मधला ए 'ड्राफ्ट'मध्ये जसाच्या तसा दिसतो.

बँकेच्या दारात गेल्यावर गोंधळाचे स्वरूप बदलते, कारण तेथे शब्दामागे पैसा असतो. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात, तारखेलाही 'डेट'. कर्जाच्या स्पेलिंगमध्ये एक मुका बी आहे: डी-ई-बी-टी. फ्रेंचमधून हा शब्द आला तेव्हा तो बी नव्हता. लॅटिनचा अभिमान असलेल्या विद्वानांनी मूळ शब्दाची आठवण म्हणून तो नंतर आत बसवला आणि बोलणाऱ्यांनी कधी उच्चारला नाही. खातेपुस्तकातल्या 'डेबिट'मध्ये तो बी स्पष्ट ऐकू येतो, म्हणून 'डेबिट' आठवले की 'डेट'चे स्पेलिंग चुकत नाही. तारखेच्या 'डेट'चे मूळ आणखी रंजक आहे. रोमन लोक पत्राच्या शेवटी 'अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिले' असे लिहीत. त्यातला 'दिले' या अर्थाचा शब्द म्हणजेच 'डेट'. संस्कृतचा 'दा' आणि मराठीचे 'देणे' हे त्याचेच सगोत्र. मराठीत 'देणे' म्हणजे कर्जही होते, पण इंग्रजी कर्जाच्या शब्दाशी त्याचे नाते नाही, तारखेच्या शब्दाशी आहे.

'प्रिन्सिपल' हा शब्द पासबुकात येतो तेव्हा तो मुद्दल असतो, महाविद्यालयात प्राचार्य, आणि दोन्हीकडे स्पेलिंगच्या शेवटी पी-ए-एल येते. पी-एल-ई आले की तो तत्त्व या अर्थाचा वेगळा शब्द होतो. दोघांचे मूळ एकच, लॅटिनमधला 'पहिला' या अर्थाचा शब्द. मुद्दल हा कर्जाचा पहिला भाग, प्राचार्य हा संस्थेतला पहिला माणूस, तत्त्व ही विचारातली पहिली गोष्ट.

कर्जमाफीच्या शब्दांवर येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. 'वेव्ह' डब्ल्यू-ए-आय-व्ही-ई म्हणजे हक्क सोडून देणे. 'वेव्ह' डब्ल्यू-ए-व्ही-ई म्हणजे लाट किंवा हात हलवणे. आयचा तेवढा फरक. माफीच्या अर्थाने 'वेव्हर' हवा असतो, त्यातला आय गळला तर उरतो तो डगमगणे या अर्थाचा शब्द. अनेक अर्जांत आणि बातम्यांत तो आय गळलेला असतो. पण यापेक्षा महत्त्वाचा फरक सारख्या न दिसणाऱ्या दोन शब्दांत होता. २००८ च्या केंद्रीय योजनेच्या इंग्रजी नावात 'वेव्हर' आणि 'रिलीफ' असे दोन शब्द शेजारी शेजारी होते. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांना 'वेव्हर', म्हणजे पात्र कर्जाची पूर्ण माफी. त्याहून अधिक जमीन असलेल्यांना 'रिलीफ', म्हणजे ७५ टक्के रक्कम भरली तर २५ टक्क्यांची सूट. दोन हेक्टर म्हणजे सुमारे पाच एकर. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन कागदावर पाच एकरांहून अधिक भरते आणि पावसाने दगा दिला की उत्पन्न हातात काहीच येत नाही. असा शेतकरी 'रिलीफ'च्या रकान्यात गेला, आणि उरलेली पाऊण रक्कम आणायची कोठून हा प्रश्न त्याच्यापुढे तसाच राहिला. मराठीत मात्र दोन्ही 'कर्जमाफी' या एकाच नावाने पोचले. 'राइट-ऑफ' हा तिसरा शब्द. बँक बुडीत कर्ज आपल्या ताळेबंदातून काढते तेव्हा तो वापरते. त्याने कर्जदाराचे देणे फिटत नाही, वसुली चालू राहू शकते. हे तीन शब्द मराठीत तीन वेगळ्या नावांनी सांगितले जायला हवेत.

नगर परिषदेच्या सदस्याला इंग्रजीत 'काउन्सिलर' म्हणतात, समुपदेशन करणाऱ्यालाही 'काउन्सेलर'. सभेच्या शब्दात सी आणि आय, सल्ल्याच्या शब्दात एस आणि ई. लॅटिनमध्येही हे दोन वेगळे शब्द होते, एक माणसे एकत्र बोलावण्याचा, दुसरा विचार देण्याचा. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात शेतकऱ्यांच्या मानसिक आधारासाठी समुपदेशनाची सोय केली गेली. अशा वेळी माणसाला कोणाकडे पाठवायचे, हे चिठ्ठीवरच्या स्पेलिंगवर अवलंबून राहू नये. 'समुपदेशक' आणि 'नगरसेवक' हे मराठी शब्द एकमेकांपासून इतके दूर आहेत की त्यांची अदलाबदल होऊच शकत नाही.

जिल्ह्यात सर्वाधिक दिसणारी चूक 'कास्ट' या शब्दाची. जातीच्या दाखल्याला 'कास्ट सर्टिफिकेट' म्हणतात आणि झेरॉक्सच्या दुकानांपासून अर्जांपर्यंत ते सी-ए-एस-टी असे लिहिलेले आढळते. जातीच्या शब्दाला शेवटी ई लागतो. ई नसलेला 'कास्ट' हा उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला, फेकणे या अर्थाचा. साच्यात ओतलेले 'कास्ट आयर्न', मोडलेल्या हाडावरचे प्लास्टर, नाटक-सिनेमातला नटसंच आणि मतपेटीत टाकलेले मत, हे सगळे याच फेकण्या-टाकण्याचे पसारे. सभेत समसमान मते पडली तर अध्यक्ष जे निर्णायक मत देतो, ते 'कास्टिंग व्होट'. जातीचा 'कास्ट' पोर्तुगीज 'कास्टा' या वंशवाचक शब्दावरून आला. यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेचे राळेगाव आणि आर्णी हे मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी आणि उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, तेव्हा या दोन 'कास्ट'ची गाठ निवडणुकीच्या प्रत्येक अहवालात पडते. चूक करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. भारताविषयीच्या जुन्या इंग्रजी लिखाणात जातीचा हा शब्द ई न लावताच लिहीत. शेवटचा ई साधारण एकोणिसाव्या शतकापासून स्थिरावला.

'स्टेशनरी'च्या दोन रूपांबद्दल एवढेच पुरे की कागद-पेनांची ई-आर-वाय, एका जागी उभ्या वस्तूची ए-आर-वाय. युरोपात विद्यापीठांजवळ पक्के दुकान थाटून पुस्तके विकणाऱ्याला 'स्टेशनर' म्हणत, म्हणून दोन्ही शब्द एकाच मुळाचे. 'ॲडव्हाइस'मध्ये सी असला तर सल्ला, एस असला तर सल्ला देणे. 'अफेक्ट' बहुधा क्रिया, 'इफेक्ट' बहुधा परिणाम. संगणकाचा स्पेलिंग तपासनीस यांतले बरेचसे पकडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही शब्द शुद्ध असतात.

या सगळ्यात ज्या कागदावरचे शब्द नीट कळणे जिवाशी जोडलेले आहे, तो कीटकनाशकाच्या डब्याबरोबर येणारा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. उंच वाढलेली दाट कपाशी, दमट हवा, संरक्षक साधनांचा अभाव, एकात एक मिसळलेली रसायने अशी अनेक कारणे त्यामागे सांगितली गेली. स्पेलिंग हे त्यातले कारण नव्हते. पण डब्यावर आणि पत्रकावर काय लिहिले आहे हे वापरणाऱ्याला कळणे, ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे आणि तेथले इंग्रजी शब्द फसवे आहेत.

'इन्फेस्टेशन' म्हणजे किडीचा प्रादुर्भाव, 'इन्फेक्शन' म्हणजे रोगाचा संसर्ग. एक एस, एक सी. बोंडअळीसाठी कीटकनाशक लागते, बुरशीच्या रोगासाठी बुरशीनाशक, आणि दोन्हींच्या इंग्रजी नावांचा शेवट सारखाच असतो, मारणे या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलेला. 'प्रिस्क्राइब' म्हणजे लिहून देणे, शिफारस करणे. 'प्रोस्क्राइब' म्हणजे बंदी घालणे. प्राचीन रोममध्ये बहिष्कृत माणसांच्या नावांची यादी जाहीर लावत, त्यावरून दुसऱ्याचा अर्थ बनला. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकावर भाजीपाल्यासाठी बंदी असताना कापसावर ते वापरता येत होते. एकाच रसायनाला एका पिकावर परवानगी आणि दुसऱ्यावर मनाई असू शकते. 'इन्फ्लेमेबल' या शब्दाच्या आरंभीचा 'इन' नकाराचा वाटतो, पण तो नकाराचा नाही. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दोन्हींचा अर्थ चटकन पेट घेणारे. 'डोस' आणि 'डोझ' यांत एस-झेडचा फरक: एक मात्रा, दुसरी डुलकी. विषावरचा उतारा म्हणजे 'अँटिडोट'. त्याच्यासारखा दिसणारा 'ॲनेक्डोट' म्हणजे किस्सा. 'डोस', 'अँटिडोट', 'ॲनेक्डोट' हे तिन्ही ग्रीकमधल्या देणे या अर्थाच्या धातूवरून आले: दिलेली मात्रा, विषाविरुद्ध दिलेले, आणि बाहेर न दिलेली, म्हणजे अप्रकाशित गोष्ट. तारखेच्या 'डेट'मध्ये भेटलेला 'दा' हाच. 'अँटिडोट' या शीर्षकाखाली ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या विषावर बहुतेक वेळा ॲट्रोपीनचे नाव असते. ते डॉक्टरांनीच द्यायचे असते, म्हणून रुग्णाला दवाखान्यात नेताना डबा आणि पत्रक बरोबर नेले तर उपचार लवकर ठरतो.

डब्यावरचा चौकोन तिरका असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाला रंग असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. लाल आणि पिवळ्या वर्गावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर' आणि हिरव्यावर 'कॉशन' हा शब्द असतो. हिरवा रंग पाहून ते निर्धोक मानणे चूक आहे. 'कॉशन' म्हणजे सावधान, आणि त्याच्या आरंभीचा सी उचलून यू आणि टी यांच्या मधे ठेवला तर 'ऑक्शन', म्हणजे बाजार समितीतला लिलाव. 'पॉयझन' हा शब्द मूळ लॅटिनमध्ये नुसता पेय या अर्थाचा होता. मराठीचे 'पिणे' त्याचे दूरचे नातलग. इंग्रजीत पेयाचे विष झाले. मराठीत त्याच्या उलट घडले आहे. फवारायच्या विषाला गावोगाव 'औषध' म्हणतात, 'औषध मारले', 'औषध आणले'. पिकाच्या बाजूने पाहिले तर तो शब्द बरोबर आहे, पण फवारणाऱ्या माणसासाठी तो धोका झाकतो. कृषी विभागाच्या माणसांनी, दुकानदारांनी आणि शाळांनी 'कीटकनाशक' किंवा सरळ 'विष' हा शब्द रुळवला तर ते मोठे काम होईल.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार प्रत्येक पॅकिंगमध्ये माहितीपत्रक असणे बंधनकारक आहे. वापरण्याची पद्धत, विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा यांची माहिती त्यात द्यावी लागते, आणि हिंदी व इंग्रजीबरोबर ज्या भागात विक्री होते तेथील एक-दोन प्रादेशिक भाषांतही ते छापावे लागते. यवतमाळमध्ये ती भाषा मराठी आहे. डबा घेताना मराठी मजकुराचे पत्रक आत आहे का ते दुकानातच उघडून पाहावे, नसेल तर मागून घ्यावे, आणि फवारणीला जाणाऱ्या मजुराला ते आधी वाचून दाखवावे.